गाडीचा एसी कधी चालतो, कधी रुसतो

उन्हाळा आला की आपल्या मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते. "काल एसी छान चालला, आज नुसता गरम वारा येतोय. मेकॅनिककडे नेली तर तिथे पुन्हा गारेगार!" घरी फणफणलेला ताप दवाखान्यात पोचल्यावर उतरावा, तसलाच हा प्रकार. माझा जन्म नर्सिंगमध्ये गेला. अशा पेशंटचे निदान चार्टवरून होते, एकदा हात लावून होत नाही. गाडीचेही तसेच आहे. कुठलाही भाग बदलण्याआधी, गॅस भरण्याआधी, आठवडाभर नोंद ठेवा. हेच आज सांगायचे आहे.

आधी यंत्र थोडक्यात समजून घेऊ. इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर जाते आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये जाऊन उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. या साखळीत एक कडी अडली की गारवा गेला.

आता चार्ट. एक छोटी वही आणि स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर गाडीत ठेवा. वेळ, बाहेरचे तापमान, गाडी उभी की पळती, मधल्या व्हेंटमधून येणाऱ्या हवेचे तापमान, वाऱ्याचा जोर आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा, एवढे लिहा. गाडी चालवताना लिहू नका; शेजारी बसलेल्याला सांगा, नाहीतर थांबल्यावर लिहा. बाहेर 85 ते 90 अंश फॅरनहाइट असेल तर चांगल्या एसीची हवा साधारण 40 ते 50 अंशांची असते. चार-पाच दिवसांत तऱ्हा दिसू लागते.

हायवेवर गार, सिग्नलला गरम: कंडेन्सरचा पंखा पाहा. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखाच हवा. पंखा ठीक फिरत असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्या.

अर्धा-पाऊण तास गार, मग वाऱ्याचा जोरच कमी: इव्हॅपोरेटरवर बर्फ जमत असावा. एसी बंद करून नुसता पंखा पंधरा मिनिटे चालवा. वारा पूर्ववत झाला आणि गाडीखाली भरपूर पाणी ठिबकले, तर शंका पक्की. चोंदलेला केबिन फिल्टर, बिघडलेला सेन्सर किंवा कमी गॅस, यांपैकी काहीतरी असते.

सकाळी ठीक, दुपारी बंद: कॉम्प्रेसरचा क्लच तापल्यावर पकड घेत नसेल, किंवा रिले दगा देत असेल.

दर काही सेकंदांनी टक-टक करून चालू-बंद: बहुतेक वेळा गॅस कमी. दाब उतरला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.

एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम: आतली हवेची झडप फिरवणारी छोटी मोटर अडकली असेल.

इंजिनाचा काटा वर चढला की एसी बंद: हे एसीचे दुखणे नव्हे. इंजिन तापले की संगणक स्वतःच एसी तोडतो. आधी इंजिनाकडे बघा.

घरी काय करता येईल? केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो बदलणे उशीचा अभ्रा बदलण्याइतकेच सोपे. इंजिन गार असताना कंडेन्सरवरचा पाला-किडे नळाच्या हलक्या धारेने धुवावेत. फ्यूज बघावा. त्याच नंबरचा दुसरा रिले पेटीत असेल तर अदलाबदल करून पाहावी. मात्र इंजिन चालू ठेवून तपासणी करायची तर गाडी बंद गराजमध्ये नको, मोकळ्यावर हवी. बांगड्या, ओढणी, पदर सांभाळा. पंखा अचानक सुरू होतो. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीतल्या नारंगी वायरींना हात लावायचा नाही.

आणि गॅसचा डबा? "गॅस संपला असेल, भरून टाकू," असे सगळेच म्हणतात. पण कंदिलातल्या रॉकेलसारखा हा गॅस जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. वरून भरत राहणे म्हणजे जखम न बघता पट्टी बांधणे. जास्त भरला तरी गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरला धोका. गळती बुजवणारे औषध असलेला डबा तर नकोच. त्याने दुकानातली यंत्रे खराब होतात, म्हणून बरेच मेकॅनिक अशी गाडी घेत नाहीत. आर-134ए हा गॅस उणे 15 अंश फॅरनहाइटला उकळतो. बोटावर उडाला तर हिमदंश, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. नव्या बहुतेक गाड्यांत आर-1234वायएफ असतो, आणि तो थोडा ज्वलनशील आहे. कोणता गॅस, किती, हे बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले असते. गॅस मुद्दाम हवेत सोडणे अमेरिकेत बेकायदा आहे. पैसे घेऊन हे काम करणाऱ्याजवळ क्लीन एअर कायद्याच्या कलम 609 चे प्रमाणपत्र लागते. ते विचारायला संकोच कसला?

पैसे देण्याआधी वॉरंटीही विचारा. उदाहरणार्थ, 2016 पासूनच्या काही वर्षांच्या सिव्हिक गाड्यांच्या कंडेन्सरसाठी होंडाने वॉरंटी 10 वर्षांपर्यंत वाढवली. गाडीचा 17 अक्षरांचा व्हीआयएन नंबर डीलरला दिला की तुमच्या गाडीचे कळते.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. 2023 मध्ये फिनिक्स शहरात सलग 31 दिवस पारा 110 अंशांवर गेला होता. आपण सत्तरीचे लोक. लघवी होण्याच्या गोळ्या, काही ब्लडप्रेशरची औषधे घेणाऱ्यांना उकाडा जास्त बाधतो, आणि म्हातारपणी तहानही कमी लागते. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत साधारण 20 अंश वाढतात. म्हणून भरवसा नसलेल्या एसीवर दुपारचा लांबचा प्रवास करू नका. डॉक्टरची वेळ सकाळची घ्या, पाणी जवळ ठेवा, इन्सुलिन गाडीत विसरू नका. नातवंडाला "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा गाडीत सोडू नका.

कोणी बरळू लागले, अंग तापून 104 अंशांवर गेले, तर तो उष्माघात. लगेच 911 ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा, मानेला आणि काखेत बर्फ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि मेकॅनिककडे जाताना ती वही सोबत न्या. "कधीकधी बिघडतो" म्हटले तर तो अंदाजाने एकेक भाग बदलत बसेल. "दुपारी तीनला, सिग्नलवर, दहा मिनिटांनी, 70 अंश," असे सांगितले तर कुठे बघायचे ते त्याला नेमके कळेल.