गळ्याच्या मापाची पट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मौद्यातल्या एका महिला भजनी मंडळाची ही गोष्ट. पेटी वाजवणारे गृहस्थ गाव सोडून गेले, तेव्हा मंडळाने एका ओळखीच्याकडून पाच-सहा भजनांची साथ ध्वनिमुद्रित करून आणली. पेटी, तबला, टाळ सगळे ठाकठीक होते. अडचण निघाली ती पट्टीची. साथ होती काळी पाचमध्ये आणि भजन सांगणाऱ्या आजींचा गळा वयाप्रमाणे काळी चारवर उतरलेला. अंतऱ्याला आवाज फाटू लागला. "आता नाई जात बाप्पा एवढं वर," म्हणत त्या मागे जाऊन बसल्या. चाळीस वर्षे पुढे बसून भजन सांगणारी बाई केवळ दोन पट्ट्यांपायी मागे बसली, याची सगळ्यांनाच चुटपुट लागली.

पेटीवाला असता तर त्याने पट्टी बदलली असती. स्केलचेंजर पेटी असेल तर बोटेही बदलावी लागत नाहीत. पट्ट्यांची फळी सरकवली की काम झाले. मग ध्वनिमुद्रित साथीची फळी सरकवता येईल का?

जुना उपाय होता गती बदलण्याचा. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणे कसे रेंगाळत, घोगरे होत जायचे, ते अनेकांना आठवत असेल. फीत हळू फिरली की सेकंदाला होणारी कंपने कमी होतात आणि सूर उतरतो. काळी पाच म्हणजे सेकंदाला सुमारे ४६६ कंपने, काळी चार म्हणजे ४१५. म्हणजे गती ११ टक्क्यांनी कमी करावी लागेल. पाच मिनिटांचे भजन मग साडेपाच मिनिटांच्याही पुढे जाईल आणि लय मरेल.

ग्रामोफोनच्या पहिल्या काळातही हाच घोटाळा होता. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे आपण धरून चालतो. पण सुरुवातीच्या काही दशकांत गती तंतोतंत ठरलेली नव्हती. ७४ फेऱ्यांवर ध्वनिमुद्रित केलेली तबकडी ७८ वर लावली, की गवई जवळजवळ एक पट्टी वर गातो. म्हणून त्या काळच्या तबकड्यांवरून कोणाचा षड्ज कोणता होता हे ठरवताना जाणकार आधी तबकडीची गती तपासतात.

सूर आणि लय यांची ही गाठ सोडवली संगणकाने. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन या संशोधकांनी १९६६ साली यासाठीची एक पद्धत मांडली. त्यांच्यापुढे प्रश्न होता टेलिफोनवरच्या बोलण्याचा. तिचा उपयोग पुढे संगीतात झाला. आज अशा कामाच्या दोन-तीन रीती आहेत. त्यातली समजायला सोपी अशी: संगणक गाण्याचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे बारीक तुकडे करतो. सूर उतरवायचा असेल तर हे तुकडे एकमेकांवर थोडे अधिक चढवून गाणे आधी आखूड करतो. सूर तोच राहतो, वेळ कमी होतो. मग ते आखूड गाणे हळू वाजवतो. सूर उतरतो आणि लांबी पुन्हा मूळची होते.

सगळी कसोटी त्या सांध्यांची. पेटीचा लांबवलेला सूर सहज सांधला जातो. तबल्याची थाप क्षणाची. ती सांध्यात सापडली की बोथट होते किंवा दुहेरी ऐकू येते. गळ्याचे दुखणे आणखी वेगळे. आपल्या आवाजाची ओळख घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीने ठरते. सूर चढवताना या पोकळीची छापही वर सरकली, तर बाईचा आवाज लहान मुलीसारखा वाटतो. उतरवताना सरकली तर पुरुषी. म्हणून चांगल्या प्रोग्राममध्ये ही छाप जागच्या जागी ठेवण्याची सोय असते.

दर्जा अजिबात कमी होत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण कानाला जाणवणार नाही इतपत तो नक्की राखता येतो. त्यासाठी मूळ सीडी किंवा डब्ल्यूएव्ही फाइल घ्यावी. एमपीथ्रीमध्ये आवाजाचा काही भाग आधीच गाळलेला असतो. एकदा बदललेली फाइल पुन्हा बदलू नये; दर वेळी मुळापासून सुरुवात करावी. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उच्च दर्जाचा पर्याय असतो, तो निवडावा. वेळ थोडा जास्त लागतो इतकेच. एक-दोन पट्ट्यांपर्यंत काम सहसा छान होते. पुरुषाच्या काळी एकमधली साथ बायकांसाठी काळी चारमध्ये आणायची तर पाच पट्ट्या उतरावे लागते. तिथे तबला पार बसतो. अशा वेळी साथ नव्याने वाजवून घेणेच बरे.

मौद्याच्या साथीत गाणारा गळा नव्हता आणि अंतर दोनच पट्ट्यांचे होते. मूळ फाइल मागवली, पट्टी उतरवली. पहिल्यांदा ऐकताना तबला थोडा जड वाटला, हे खरे. पण आजी पुन्हा पुढे येऊन बसल्या आणि अंतरा विनासायास वर गेला. तबल्याकडे मग कोणाचे लक्ष राहिले नाही.