घरकुलाचे कागद (भाग ६) : जातीचा रकाना

मागच्या भागात आपण ‘प्रपत्र ड’पर्यंत, म्हणजे घरकुलाच्या यादीपर्यंत, आलो होतो. यादीत नाव आहे एवढं कळलं की माणूस निम्मा निर्धास्त होतो. कणकवली पंचायत समितीच्या आवारात घरकुलाबद्दल जे बोलणं कानावर पडतं त्यात पहिला प्रश्न हाच, ‘नाव असा मां?’ असा म्हटलं की विषय संपला. पण नाव खंयच्या रकान्यात असा, हे विचारणारा विरळा. घर यंदा मिळणार की आणखी पाच वर्षांनी, हे बरेचदा त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. म्हणून हा भाग फक्त एका रकान्याचा.

घरकुलांचं उद्दिष्ट वरून खाली येतं ते वाटणी होऊनच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली. तिच्या नियमांप्रमाणे देशपातळीवर किमान ६० टक्के घरं अनुसूचित जाती-जमातींसाठी राखायची आणि अल्पसंख्याकांना शक्यतो १५ टक्के द्यायची. तिच्याआधीची इंदिरा आवास १९८५-८६ मध्ये निघाली तेव्हा ती मुळात अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांच्यासाठीच होती. बाकीच्या गरिबांना तिचं दार १९९३-९४ पासून उघडलं. म्हणजे जातीचा रकाना या योजनेला मागाहून चिकटवलेला नाही, योजना त्या रकान्यातूनच वाढली आहे.

त्यामुळे गावची यादी दिसायला एक असली तरी आत रांगा वेगवेगळ्या असतात : अनुसूचित जातीची, जमातीची, अल्पसंख्याकांची आणि ‘इतर’ची. प्रत्येक रांगेत आधी बेघर, मग कच्ची एक खोली, मग कच्च्या दोन खोल्या, आणि त्यातही ज्याची वंचना जास्त तो पुढे. (मंगलोरी कौलांचं छप्पर पक्कं धरायचं की कच्चं, हा कोकणातला वेगळाच तंटा. त्याला पुढे एक भाग द्यावा लागेल.) समजा, एकाच वाडीत शेजारी-शेजारी दोन मातीची घरं आहेत, दोन्ही सारखीच मोडकळीला आलेली. एकाची नोंद अनुसूचित जातीत झाली आणि दुसऱ्याची, कुटुंब त्याच जातीचं असून, ‘इतर’मध्ये गेली. पहिल्याचं जोतं उभं राहील तेव्हा दुसरा गावातल्या सगळ्यात लांब रांगेत उभा असेल. तक्रार करायला गेला तर उत्तर मिळेल, ‘यादीत नाव आहे ना तुमचं?’ आणि ते खोटंही नसेल.

ही नोंद आली कुठून? पुष्कळांची आली २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतून. ग्रामीण भागातली जवळपास १८ कोटी कुटुंबं तेव्हा नोंदली गेली. वंचनेचे सात निकष होते, त्यातला पाचवा ‘अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब’ हा. प्रगणकाने आधी आकडा टाकायचा : अनुसूचित जाती असेल तर एक, जमात असेल तर दोन, इतर तीन, जात नाही म्हणणाऱ्याला चार. मग पुढे जातीचं नाव लिहायचं.

या नाव लिहिण्यात जो घोळ झाला तो महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी राज्याने ही माहिती मागितली, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती होत्या आणि या गणनेत ४६ लाखांहून जास्त निघाल्या. पोटजात, आडनाव, कुळी, गावचं नाव, जे सांगितलं ते आणि जसं ऐकू आलं तसं लिहिलं गेलं होतं. एकाच जातीच्या नावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. त्या डिसेंबरात न्यायालयाने राज्याची मागणी फेटाळली. नावांचे ते आकडे कपाटातच राहिले, पण एक-दोन-तीनचा आकडा मात्र घरकुलाच्या यादीत उतरला. आकडा बरोबर पडला असेल तर ठीकच. चुकला असेल तर तोही तसाच उतरला.

कोकणात तो चुकायला सगळ्यात मोठी जागा कुठे असेल, तर बौद्धवाडीत. ‘धर्म?’ ‘बौद्ध.’ ‘जात?’ इथे उत्तर देणाऱ्यासमोर अवघड पेच असतो. १९५६ साली बौद्ध धम्म स्वीकारताना आजोबांनी जी जात टाकली ती नातवाने सरकारी माणसासमोर पुन्हा उच्चारायची? पुष्कळजण ठामपणे सांगतात, ‘जात नाही, बौद्ध.’ त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण प्रगणकाचं पेन तिथे तीनवर नाहीतर चारवर जाऊ शकतं, आणि त्या स्वाभिमानाची किंमत घरकुलाच्या रांगेत मोजावी लागते.

हे पूर्वी आख्ख्या राज्याच्या बाबतीत झालं आहे. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ ला ते २७ लाख ९० हजारांच्या घरात गेले. त्याच वेळी अनुसूचित जातींचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या जवळ घसरलं. कारण धर्मांतर केलेल्यांना त्या यादीत जागाच नव्हती. राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत धरलं ते १९९० मध्ये. मग काय झालं बघा : १९८१ ला राज्यात अनुसूचित जाती ७.१ टक्के होत्या, १९९१ ला ११.१ टक्के. दहा वर्षांत माणसं काही एवढी वाढली नव्हती. माणसं होती तिथेच होती, रकाना बदलला.

राज्याच्या रमाई आवास योजनेत म्हणूनच ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जिच्या नावाची ही योजना, त्या रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंदच्या, कोकणातल्याच. आणखी एक बारकावा असा की बौद्ध हे केंद्राने अधिसूचित केलेले अल्पसंख्याकही आहेत. तेव्हा एकाच कुटुंबाच्या ओळीत ‘अनुसूचित जाती’ आणि ‘अल्पसंख्याक : होय’ अशा दोन्ही नोंदी असू शकतात, आणि दोन्ही खऱ्या. तालुक्याचा तक्ता वाचताना या दोन रकान्यांची बेरीज करून ‘एवढ्या घरांत यांनाच एवढी’ असा हिशेब मांडणारे भेटतात. ती बेरीज चूक आहे.

अनुसूचित जमातीचा रकाना सिंधुदुर्गात इतका लहान आहे की त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार, त्यात अनुसूचित जमाती एक टक्काही नाहीत. राज्यात हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर. पण आकडा लहान म्हणून प्रश्न सोपा, असं नाही. ठाकर समाजाचं उदाहरण घ्या. कुडाळजवळच्या पिंगुळीची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा या समाजाची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याला अभिमान वाटला. हाच समाज जमातीच्या यादीत पूर्वी फक्त काही जिल्ह्यांपुरता होता, आणि त्यात आपला भाग नव्हता. संसदेने ही क्षेत्राची अट काढली ती १९७६ च्या कायद्याने. त्याआधीच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू ठाकर’ किंवा नुसतं ‘मराठा’ लिहिलेलं सापडलं तर त्यात नवल नाही. त्या काळी दुसरं लिहून मिळणारही काही नव्हतं. पुढे पडताळणीत दक्षता पथक कुलदैवत, लग्नविधी, बोली विचारत असे आणि उत्तरं पुस्तकातल्या वर्णनाशी जुळली नाहीत तर दावा अडत असे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात, ठाकूर-ठाकर जमातीच्याच प्रकरणात, सांगितलं की ही आप्तभाव चाचणी शेवटचा शब्द मानता येणार नाही, जुने कागद महत्त्वाचे.

जुने कागद म्हणजे किती जुने? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला वा आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा द्यायचा. कणकवलीच्या प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला काढताना आपल्याकडे खोळंबा होतो तो इथे. आजोबा गिरणीत, वडील मुंबईच्या शाळेत, घर मात्र गावात. शाळेचा दाखला परळ-लालबागच्या शाळेत शोधायचा आणि घरकुल कणकवलीत मागायचं. रमाई आणि अनुसूचित जमातींसाठीची शबरी या योजनांना दाखला लागतोच.

उरलं ‘इतर’. केंद्राच्या यादीत कुणबी, भंडारी, तेली, धनगर आणि मराठा, सगळे या एकाच पोत्यात. २०२३ मध्ये राज्याने इतर मागास वर्गासाठी मोदी आवास योजना आणली, तीन वर्षांत दहा लाख घरांची घोषणा झाली. विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना होतीच. तेव्हा या पोत्यातलं कोण ओबीसी, कोण भटका, कोण खुला, हे दाखले गोळा करून नव्याने वेचावं लागलं. पहिल्या दिवशी नीट विचारलं असतं तर हा हेलपाटा वाचला असता.

असं विचारणं फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतही सरकारी पैशाच्या घरांसाठी अर्ज करणाऱ्याला वंश विचारतात. तिथल्या गृहनिर्माण खात्याचा त्यासाठी वेगळा कागद असतो. उत्तर आपणच द्यायचं, दाखला जोडायचा नाही, आणि नाही भरलं तरी दंड नाही. त्या उत्तरावर घर ठरत नाही. १९६८ च्या कायद्याने घर देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी केली. ती पाळली जाते की नाही हे तपासायला ही मोजदाद. वर्गवारी त्यांचीही बदलत असते. मार्च २०२४ मध्ये त्यांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आणि पश्चिम आशियाई व उत्तर आफ्रिकी लोकांना स्वतंत्र चौकट दिली.

आपल्याकडे रकान्यावर हक्क ठरतो, म्हणून दाखला मागणं मला गैर वाटत नाही. गैर वाटतं ते हे, की देताना एवढी कसून तपासणी करणारी व्यवस्था दिल्यानंतर मोजत नाही. मंजूर घरांचे वर्गवार आकडे सभेत मोठ्याने वाचले जातात. पण कुठल्या वर्गाची किती घरं पहिल्या हप्त्यावर थांबली, किती जोत्यावरच राहिली, हे वाडीवार कुणी वाचून दाखवत नाही. मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांत २५ चौरस मीटरचं घर बांधायचं असतं. ते कुठल्या वाडीत पुरं होतं आणि कुठल्या वाडीत अडतं, हे कळल्याशिवाय ६० टक्क्यांचा आकडा नुसता शोभेचा.

वाडीवरून आठवलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. योग्यच झालं. पाटीवरची जात गेली, पण यादीतली राहायला हवी, कारण पाटी वाटसरूसाठी असते आणि यादी हक्कदारासाठी.

आता करायचं काय? ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा नावावर थांबू नका. आपल्या ओळीत प्रवर्ग, धर्म आणि अल्पसंख्याक या तीन नोंदी काय आहेत ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला वाचून दाखवायला सांगा. चूक असेल तर दाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि हरकत इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी सांगितलेलं पुढच्या सभेपर्यंत टिकत नाही. शेजारच्या म्हातारीला वाचता येत नसेल तर तिचीही ओळ बघा. २०२७ च्या जनगणनेत जात पुन्हा विचारली जाणार आहे, तेव्हा घरातले जुने दाखले आताच एका पिशवीत काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात सामाईक सातबारा : रकाना बरोबर असूनही ज्यांचं घर सहहिस्सेदाराच्या एका सहीवाचून अडलं आहे, त्यांच्यासाठी.