खर्च वाढला, वाचन वाढले काय?

मुंबई महापालिकेच्या शिक्षण खात्याचे अंदाजपत्रक दरवर्षी सादर होते, दुसऱ्या दिवशी त्यातील आकडे वृत्तपत्रांत झळकतात आणि तिसऱ्या दिवशी नागरिक ते विसरून जातात. सन २०२१-२२ मध्ये हे अंदाजपत्रक सुमारे २,९४५ कोटी रुपयांचे होते. सन २०२५-२६ मध्ये ते सुमारे ३,९५५ कोटींवर गेले. अवघ्या चार वर्षांत एक हजार कोटींची ही वाढ आहे. महापालिकेच्या शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या मात्र तीन लाखांच्या आसपासच आहे. खासगी प्राथमिक शाळांना द्यावयाचे अनुदान आणि इमारतींची बांधणी-दुरुस्ती यांचा खर्च वजा केला, तरी उरणारी रक्कम लहान नव्हे. या रकमेच्या मोबदल्यात मुलाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न विचारण्याचा करदात्या नागरिकांना अधिकार आहे. आणि त्याहून मोठा अधिकार त्या मुलांच्या आईबापांना आहे.

हा खर्च आमच्या डोळ्यांत सलतो, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. शेतकऱ्याच्या घामातून जमा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेले विधेयक पुढल्याच वर्षी फेटाळले गेले; त्या वेळी पैशाची सबबही पुढे करण्यात आली होती. ज्या शाळांसाठी आपल्या थोर पुरुषांनी असा झगडा केला, त्यांना आज पैसा मिळत असेल तर तो आनंदाचाच विषय होय. आमचे म्हणणे एवढेच, की पैसा खर्च होणे आणि मूल शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपण हिशेब ठेवतो तो केवळ पहिलीचा.

दप्तरापासून छत्रीपर्यंत सत्तावीस वस्तू मुलांना मोफत दिल्या जातात. २०१५ साली आठवीच्या मुलांच्या हाती टॅब आले. पुढे शाळांच्या पाट्यांवर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव चढले. यांपैकी काही गोष्टी खरोखरच उपयोगाच्या आहेत; परंतु त्या मोजल्या म्हणजे शिक्षण मोजले, असे होत नाही. राहता राहिला दहावीचा निकाल. महापालिकेच्या शाळांचा हा निकाल २०१८ साली सुमारे ७४ टक्के होता. २०१९ साली तो ५३ टक्क्यांवर कोसळला आणि २०२० साली एकदम ९३ टक्क्यांवर चढला. एका वर्षात मुले मंदबुद्धी झाली आणि दुसऱ्या वर्षी विद्वान झाली, असे कोण म्हणेल? २०१९ साली अंतर्गत मूल्यमापनाचे गुण काढून घेण्यात आले होते. पुढच्या वर्षी ते परत मिळाले. मोजपट्टीच अशी लांब-आखूड होत असेल, तर त्या निकालावर पाठ थोपटून घेण्यातही अर्थ नाही आणि ऊर बडवून घेण्यातही नाही.

पैसा ओतला म्हणजे भागले, या समजुतीचा भ्रमनिरास अमेरिकेनेही अनुभवला आहे. मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहराच्या शाळांत गोऱ्या व काळ्या मुलांनी एकत्र शिकावे, म्हणून तेथील न्यायालयाने १९८५ पासून अफाट खर्चाचे आदेश दिले. बारा वर्षांत सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्ची पडले. पोहण्याचे तलाव झाले, तारांगण झाले. मुलांची प्रगती मात्र अपेक्षेप्रमाणे झाली नाही, आणि २००० साली त्या शाळांची राज्याची मान्यताच गेली. या उदाहरणावरून शाळांचा पैसा तोडावा, असे सुचवणारे शहाणेही निघतात. त्यांनी दुसरी बाजू पाहावी. त्याच देशातील १९५५ ते १९८५ या काळात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या बाराही वर्षांत खर्च दहा टक्क्यांनी अधिक राहिला, तर मुलांचे पुढील आयुष्यातील वेतन सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि गरिबांच्या मुलांना त्याचा लाभ अधिक होतो, असे त्यात आढळले. सारांश, पैसा हवाच. तो कोठे पोहोचतो यावर सारे अवलंबून आहे.

तो कोठे पोहोचावा, हे शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. याच शतकाच्या आरंभी मुंबई आणि बडोदे येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ उपक्रम चालविला. वस्तीतीलच एखादी शिकलेली मुलगी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, मागे पडलेली तिसरी-चौथीतील पंधरा-वीस मुले आणि रोजचे दोन तास. एवढेच त्याचे भांडवल होते. या मुलीने अभ्यासक्रम पुढे रेटला नाही. मुलाला जे येत नव्हते तेथून तिने आरंभ केला. त्याचे शास्त्रशुद्ध परीक्षण करणाऱ्यांत मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे होते. त्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसली आणि ती मुख्यतः सर्वांत कच्च्या मुलांची होती. उपक्रम संपल्यावर वर्षभराने हा लाभ बराच ओसरला, हेही त्याच परीक्षणात नमूद आहे. म्हणजे हे काम वर्षभराच्या उत्सवाचे नव्हे; ते नित्याचे झाले पाहिजे.

मग ते नित्याचे का होत नाही? शिक्षकावर अभ्यासक्रम पुरा करण्याचे बंधन आहे. वर्गातील प्रत्येक मुलाला वाचता येईल असे पाहण्याचे बंधन कोणी त्याच्यावर घातलेले नाही. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच जनगणना आणि निवडणूक यांच्या कामांस शिक्षक देण्याची मुभा ठेवली आहे. वर्ग ओस पडतो तो अशा दिवसांत, आणि त्याची झळ घरी शिकवणारे कोणी नसलेल्या मुलालाच लागते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची मुले या शाळांत जात नाहीत, म्हणून या शाळांसाठी आवाज उठत नाही, हे कटू सत्यही येथे सांगितले पाहिजे.

महापालिकेने पुढील अंदाजपत्रकासोबत एक साधा तक्ता जोडावा, अशी आमची मागणी आहे. प्रत्येक शाळेच्या तिसरीतील किती मुलांना आपल्या माध्यमाचा सोपा परिच्छेद वाचता येतो आणि किती मुलांना हातच्याची वजाबाकी करता येते, एवढेच त्यात असावे. तपासणी त्या शाळेबाहेरच्या माणसांनी करावी. तक्ता शाळेच्या दारावर लागावा. आणि जेथे आकडा कमी असेल तेथे शिक्षकाला दटावण्याऐवजी अधिक माणसे आणि अधिक पैसा द्यावा. कोट्यवधींचा जमाखर्च पैपैशाने जुळवणाऱ्या महापालिकेला एवढा हिशेब जड जाण्याचे कारण नाही. ज्या मुलाला तिसरीत वाचता आले नाही, त्याच्यापुढची सर्व पुस्तके, मोफत मिळाली तरी, मिटलेलीच राहतात.