चिडचिड सीझनची, की शिशाचीही?

मुंबई-गोवा महामार्गावर खांबहून सुकेळी खिंडीतून नागोठणं-वडखळ करत पेण ओलांडलं, की हमरापूर-जोह्याचे गणपती कारखाने लागतात. आषाढ-श्रावणात इथे रात्रीचा दिवस होतो. कुणी पॉलिश पेपरने मूर्ती घासतंय, कुणी कॉम्प्रेसरवर स्प्रे मारतंय, कसलेला हात डोळ्यांच्या आखणीत गुंतलाय. अंगावर रंगाची धूळ, डोक्यात ऑर्डरची तारीख आणि कर्जाचा हप्ता. अशात कुणी खेकसलं, तर ‘सीझन आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतात.

पण धुळीत शिसं असेल तर? शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, झळझळीत क्रोम पिवळा म्हणजे शिशाचं क्रोमेट. घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा केंद्राचा 2016चा नियम नोव्हेंबर 2017पासून लागू आहे. म्हणजे हल्लीच्या प्रत्येक डब्यात शिसं असतं असं नव्हे. सुट्या, बिनलेबलच्या लाल-पिवळ्यावर मात्र माझा भरवसा नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं आणि गरोदरपणी हाडांतलं कॅल्शियम सुटू लागलं की सोबत रक्तात उतरतं. मोठ्यांपेक्षा लहान मुलं ते कितीतरी जास्त शोषतात. अंगात लोह कमी असेल तर आणखीच. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी 1979मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत ते जास्त, त्यांचं वर्गात चित्त थाऱ्यावर नसल्याचं शिक्षकांनी नोंदवलं होतं.

रोचेस्टर विद्यापीठाच्या डेबोरा कोरी-स्लेक्टा यांनी यात ताणाची भर घातली. उंदरांच्या गाभण माद्यांना शिसं दिलं, काहींना थोडा वेळ जखडूनही ठेवलं. एकट्या शिशाने किंवा एकट्या ताणाने न दिसलेले काही परिणाम दोन्ही एकत्र आल्यावर पिल्लांत दिसले. कारण दोघांचं लक्ष्य एकच: ताणाची संप्रेरकं आणि मेंदूतली डोपामिनची यंत्रणा. त्यामुळे चिडचिडीचं खापर एकट्या स्वभावावर किंवा एकट्या रंगावर फोडणं मला पटत नाही.

कारखाना घराला लागून असेल तर झाडूने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरात नेऊ नयेत. शंका असल्यास रक्तातलं शिसं तपासता येतं. पण रक्तातलं प्रमाण महिन्याभरात साधारण निम्म्यावर येतं, म्हणून ही तपासणी गणपती गेल्या गेल्या करावी, दिवाळीनंतर नव्हे.