परकीय भाषेचे प्रमाणपत्र नोकरीपर्यंत कधी पोहोचवते?

नवी दिल्ली : पदवीच्या अभ्यासासोबत जर्मन, जपानी, फ्रेंच किंवा कोरियन भाषेचा वर्ग लावणे आता अनेक घरांत संगणकाच्या वर्गाइतकेच स्वाभाविक मानले जाते. परकीय भाषा आली की नोकरी लवकर लागते, ही त्यामागची अपेक्षा असते. ती निराधार नाही. मात्र बरेच विद्यार्थी ज्या टप्प्यावर शिकणे थांबवतात, त्या टप्प्यावर ती क्वचितच पूर्ण होते.

मागणी कोठून येते, हे आधी पाहिले पाहिजे. चाकण परिसरात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. राजस्थानातील नीमराणा येथे जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र आहे. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुर येथील ह्युंदाईच्या कारखान्यामुळे त्या भागात कोरियन जाणणाऱ्यांची गरज निर्माण झाली. बेंगळुरू, हैदराबाद, पुणे आणि गुरुग्राम येथील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सेवा केंद्रांतून युरोपातील ग्राहकांचे हिशेब, पुरवठा आणि तांत्रिक साहाय्य हाताळले जाते. तेथेही ग्राहकाच्या भाषेत बोलू शकणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

दुसरी मागणी थेट परदेशातून येते. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल मनुष्यबळासाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढविण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला होता. जपानने जानेवारी २०२१ मध्ये भारताशी ‘विनिर्दिष्ट कुशल कामगार’ योजनेसंबंधी करार केला, तर ऑगस्ट २०२५ मधील पंतप्रधानांच्या जपान दौऱ्यात पाच वर्षांत ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल कर्मचारी अभिप्रेत आहेत. दोन्ही देशांत वृद्धांची संख्या वाढत असून काम करणारे हात कमी पडत आहेत. ही गरज एखाद्या वर्षात सरणारी नाही.

खरी अडचण पातळीची आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीनुसार युरोपीय भाषांच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानल्या जातात. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, भाव विचारणे, वेळ सांगणे. सुटीच्या दोन-तीन महिन्यांत तेवढे येते आणि बायोडेटामध्ये एक ओळ वाढते. परंतु बैठकीत आपले म्हणणे मांडणे, तक्रारीचे ईमेल समजून त्याला उत्तर देणे, यंत्राच्या बिघाडाचे कारण समजावून सांगणे ही बी-२ पातळीची कामे होत. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडील मॅक्स म्यूलर भवनाच्या, अंदाजानुसार त्या पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला सहा तासिकांच्या वर्गाने हे गणित केले, तर दोन ते अडीच वर्षे होतात. प्रथम वर्षात सुरुवात करणारा तेथे पदवीपूर्वी पोहोचू शकतो. अंतिम वर्षात सुरुवात करणाऱ्याला ते जवळजवळ अशक्य आहे.

केरळच्या परिचारिकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘नोर्का रूट्स’ ही राज्य सरकारची संस्था आणि जर्मन यंत्रणा यांच्या ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात निवड झालेल्या उमेदवारांना भारतातच बी-१ पर्यंत भाषा शिकवली जाते आणि पुढचे शिक्षण जर्मनीत होते. परिचर्येची पदवी त्यांच्याकडे आधीच असते. भाषा त्या पदवीला परदेशात चलन मिळवून देते. ती पदवीची जागा घेत नाही. अभियांत्रिकी, लेखापरीक्षण, औषधनिर्माण, हॉटेल व्यवस्थापन यांनाही हेच लागू पडते. केवळ भाषेच्या आधारावर उभे राहायचे असेल, तर अध्यापन, दुभाषेगिरी किंवा साहित्यिक अनुवाद असे क्षेत्र निवडून सी-१ च्या पुढे जावे लागते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, शांतिनिकेतनचे विश्वभारती, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग येथे असे शिक्षण मिळते. साधा मजकूर भाषांतरित करण्याचे काम आता यंत्रे मोठ्या प्रमाणात करू लागली आहेत, हेही या वाटेने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

जपानीची गोष्ट थोडी निराळी आहे. जेएलपीटी या परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत आणि एन-१ ही सर्वोच्च आहे. विनिर्दिष्ट कुशल कामगार योजनेसाठी साधारणपणे एन-४ पुरते. कार्यालयीन कामासाठी कंपन्या बहुधा एन-२ ची अपेक्षा ठेवतात. या परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणीच नाही. त्यामुळे एन-३ उत्तीर्ण झालेला विद्यार्थी मुलाखतीत जपानी अधिकाऱ्यासमोर दोन वाक्येही जुळवू शकत नाही, असे घडू शकते. वर्ग निवडताना तेथे संभाषणाला किती वेळ दिला जातो, हा प्रश्न शुल्काच्या आधी विचारायला हवा.

मराठी भाषकांकडे मात्र एक भांडवल आहे, ज्याची क्वचितच जाणीव करून दिली जाते. जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि आपल्या ‘ला’, ‘चा’, ‘त’ यांसारखे प्रत्यय नामानंतर लागतात. इंग्रजी भाषकाला जे उलटे वाटते, ते आपल्याला सरळ वाटते. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, तशीच ती मराठीतही आहेत. कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते; परंतु निर्जीव वस्तूला लिंग असते, याचे आश्चर्य मराठी विद्यार्थ्याला वाटत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर तर त्याला जन्मापासून ठाऊक असते.

भाषा येऊनही गाडी अडते ती कामाच्या रीतीवर. जपानी कार्यालयांत ‘होरेन्सो’ नावाचा एक संकेत आहे : वरिष्ठांना कळवणे, सहकाऱ्यांना माहिती देत राहणे आणि ठरवण्याआधी विचारणे. आपल्याकडे काम पूर्ण करूनच साहेबांसमोर जाणारा कनिष्ठ कर्मचारी हुशार समजला जातो. तेथे मध्येच काही न कळवणारा बेभरवशाचा ठरू शकतो. बैठकीतील ‘हाय’ या शब्दाचा कोशातील अर्थ ‘हो’ असला, तरी पुष्कळदा त्याचा आशय ‘ऐकतो आहे’ इतकाच असतो. ‘विचार करतो’ हे उत्तर तर आपल्या ‘बघू’चे सख्खे भावंड आहे, त्यात सौम्य नकार दडलेला असू शकतो.

जर्मनीत गोष्ट उलट. तेथे सहकारी सर्वांसमोर ‘हे चूक आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो कामाविषयी बोलत असतो, व्यक्तीविषयी नव्हे. आणि आपण धीर देण्यासाठी उच्चारलेले ‘होऊन जाईल’ हे शब्द तेथे वचन म्हणून नोंदले जातात. शुक्रवारी ते काम झाले नाही, तर विलंबापेक्षा विलंब आधी न कळवल्याचा राग अधिक असतो. अर्थात सर्व जर्मन किंवा सर्व जपानी एकाच साच्यातले नसतात. ही समज पाठ्यपुस्तकातून कमी आणि सहवासातून जास्त येते. विद्यार्थी देवाणघेवाण, परदेशी कंपनीतील प्रशिक्षणकाळ, विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांसोबतचे प्रकल्प या वाटा पदवीच्या काळातच खुल्या असतात.

या अनुभवाचे मोल युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इरॅस्मस’ अभ्यासात दिसले. परदेशात शिकून आलेल्या विद्यार्थ्यांत पदवीनंतर पाच वर्षांनी बेरोजगारीचे प्रमाण इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होते. मुळात अशा संधीसाठी उत्साही विद्यार्थीच पुढे येतात, त्यामुळे सारे श्रेय परदेशवारीला देता येणार नाही.

मागणी वाढली की मध्यस्थही वाढतात. ‘भाषा आम्ही शिकवू, नोकरीची हमी आमची’ असे सांगणाऱ्याकडे पैसे भरण्यापूर्वी तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे पाहता येते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे. भाषेचा वर्ग चालवणाऱ्याला अशा नोंदणीची गरज नसते. त्यामुळे केवळ वर्ग चालवतो म्हणून त्याला नोकरीसाठी परदेशात पाठवण्याचा अधिकार मिळत नाही.

उरतो तो दिनदर्शिकेचा प्रश्न. भारतात जेएलपीटी जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि डिसेंबरचा निकाल साधारण जानेवारीअखेर लागतो. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या सुरुवातीलाच, जुलै-ऑगस्टमध्ये, कॅम्पस मुलाखती सुरू होतात. त्यामुळे चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला मुलाखतीच्या वेळी एन-२ चे प्रमाणपत्र हाती हवे असेल, तर तिसऱ्या वर्षाचा डिसेंबर ही त्याची शेवटची खात्रीची संधी असते.