सोडताना येणारी कळ

दातांची बरीच दुखणी एक्स-रेत उमटतात. दाढेला गेलेला बारीक तडा मात्र सहसा उमटत नाही. हा तडा बहुतेक वेळा दाढेच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे जातो, आणि एक्स-रेचे किरण जातात गालाकडून जिभेकडे. किरण चिरेच्या रेषेतून गेले तर काळी रेघ दिसेल. आडवे गेले की दाढ धडधाकट दिसते. महागडा थ्री-डी स्कॅनही केसाएवढ्या तड्यापुढे अनेकदा हात टेकतो. म्हणून या दुखण्याचं निदान अजूनही बरंचसं विचारपूस आणि हातोटी यांवरच चालतं. ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव अमेरिकी दंतवैद्य कॅमेरॉन यांनी १९६४ साली रूढ केलं. तक्रार अर्थातच त्याहून कितीतरी जुनी.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात तर या तक्रारीला जागोजागी निमित्तं आहेत. हा भाताचा मुलूख. ‘कर्जत-३’सारखं वाण इथल्याच संशोधन केंद्रातून निघालं. पण खळ्यावर झोडलेल्या भाताच्या तांदळात निवडूनही एखादा खडा राहतोच, आणि मऊ भात चावताना बेसावध असलेल्या दाढेखाली तो आला की सगळा जोर एका टोकावर पडतो. त्यात सुपारी, मटणाची नळी, घाटावरून आलेली कडक चिक्की, दातांनी उघडलेली बाटली. खोपोलीच्या कारखान्यांतल्या पाळ्या करणाऱ्यांपैकी कुणी झोपेत दात खात असेल, तर दाढेला रात्रीही सुट्टी नाही. सर्वाधिक चिरते ती खालची दाढ, त्यातही खालची दुसरी. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ धरली की चटकन फुटते, तसा जबड्याच्या सांध्याजवळच्या दाढांवर दाब जास्त येतो. आधीच मोठं सिमेंट किंवा चांदी भरलेली दाढ असेल तर भिंती पातळ झालेल्याच असतात.

रोग्याचं सांगणं मात्र गोंधळात टाकणारं. ‘कधी कधी सणक येते, गार पाण्याने शिणशिणतं, कुठली दाढ ते कळत नाही.’ यात त्याची चूक नाही. दाताच्या आतल्या नसेला कळ समजते, ठिकाण समजत नाही; ठिकाणाची जाण असते ती मुळाभोवतीच्या पडद्याला. तडा आतल्या आत असेपर्यंत तो पडदा शांत असतो. मग बोट भलत्याच दाताकडे जातं, कधी वरच्या जबड्याकडे, कधी कानाकडे. घाईत भलतीच दाढ निघते आणि कळ तशीच राहते.

खरी परीक्षा पाच मिनिटांची आहे. प्लास्टिकची एक छोटी पाचर असते, तिच्या टोकाला खोलगट वाटी. ती दाढेच्या एकेका टोकावर बसवायची आणि म्हणायचं: चावा, दाबून धरा, आता सोडा. चावताना माणूस बहुधा गप्प असतो. सोडताक्षणी डोळे मिटतात, हात गालावर जातो. दाबाखाली चिरेचे दोन्ही काठ फाकलेले असतात; दाब सुटला की ते झटकन मिटतात आणि दातातल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलतो. या द्रवाच्या हालचालीने कळ उठते हे स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी मांडलं. पाचर नसेल तर कापसाची वळी किंवा लाकडी काडीही कामाला येते. मग बारीक प्रकाशझोत लावायचा: वरवरच्या रेघांमधून उजेड पार जातो, खऱ्या तड्यापाशी अडतो. जुनं सिमेंट काढून तळ पाहावा लागतो, निळा रंग लावून चीर उठवता येते. हिरडीभोवती सळई फिरवताना एकाच अरुंद जागी ती खोल गेली, तर तडा मुळापर्यंत पोचल्याचा संशय घ्यायचा. मशेरीने काळी पडलेली प्रत्येक रेघ म्हणजे तडा नव्हे, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

उपचाराचं तत्त्व एकच, दाढ फाकू द्यायची नाही. त्यासाठी चारही बाजूंनी धरणारी कॅप लागते. नस आधीच कायमची दुखावली असेल तर आधी रूट कॅनल. पण प्रत्येक तड्याला रूट कॅनल करण्याची सवय मला पटत नाही. क्रेल आणि रिव्हेरा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नस सावरण्याजोगी असलेल्या १२७ चिरलेल्या दातांना नुसती कॅप बसवली होती; त्यांपैकी २७ दातांना सहा महिन्यांत रूट कॅनल करावं लागलं. म्हणजे सुमारे ७९ टक्के त्यातून वाचले.

अडचण अशी की कॅपला काही हजार रुपये आणि एकाहून अधिक खेपा लागतात. कशेळ्याच्या पलीकडल्या ठाकरवाडीतून कर्जतला यायचं म्हणजे एक रोज बुडाला. स्वस्तात करायचं तर मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. तिथे जायला कर्जतहून लोकलने सुमारे शंभर किलोमीटर. कातकरी कुटुंबं तर दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ या वाक्याला तिथे काही अर्थ उरत नाही. ‘काढूनच टाका’ हे रोगी म्हणतो ते अडाणीपणाने नव्हे, हिशेबाने.

या हिशेबात बसणारा एक उपाय पुस्तकांत आहे, वापरात फार कमी दिसतो. दात सरळ करण्याच्या तारांसाठी स्टीलचे बारीक पट्टे वापरतात. तसाच एक पट्टा चिरलेल्या दाढेभोवती सिमेंटने बसवायचा आणि वरचा भार थोडा घासून कमी करायचा. हे काम एका बैठकीचं आहे, खर्चही किरकोळ. कळ थांबली तर निदान पक्कं होतं आणि कॅपसाठी मुदत मिळते. अर्थात पट्टा कायमचा नाही. तो सुटू शकतो, हिरडीला लागू शकतो. भट्टीवर जाणाऱ्याला हे नीट सांगून पाठवावं, आणि सुटला तर त्या बाजूने काही चावू नका, हेही.

तडा दाढेच्या तळातून आरपार गेला असेल, दोन तुकडे वेगवेगळे हलत असतील, तर पट्टाही नको आणि कॅपही नको. तिथे दाढ काढणं हाच इलाज आहे.