माळढोक आणि सोनघंटा

सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानाने प्रसिद्धीस आलेला माळढोक आणि कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील आंबा घाटात आढळणारी सोनघंटा यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. एक पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, तर दुसरे कापूस-भेंडीच्या कुळातील, लोंबत्या पिवळसर घंटाकृती फुलांचे झुडूप. दोघांचीही गणना मात्र अतिसंकटग्रस्त जातींत होते. संकट समान असले, तरी उपाय समान नाहीत.

माळढोकाची मादी बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते, तेही घरट्यावाचून, उघड्या जमिनीवर. त्याला विस्तीर्ण, मोकळा गवताळ प्रदेश लागतो. असा प्रदेश बहुतेकांच्या लेखी पडीक जमीनच असतो, हे या पक्ष्याचे दुर्दैव! सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, त्यात शेते आणि गावेही आली. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे ग्रामस्थांत नाराजी पसरली आणि २०१२ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १,२२२ वर आणण्यात आले. आज देशातील दीडशेहून कमी माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानातील जैसलमेर भागात आहेत. तेथे विजेच्या तारा त्यांच्या जिवावर उठल्या आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने समोरची तार त्यांना वेळेवर दिसत नाही आणि जड देहामुळे ऐनवेळी वळताही येत नाही.

सोनघंटेची गरज याउलट अल्प आहे. सह्याद्रीचे मोजके उतार हेच तिचे जग. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वुड्रो यांचे सहकारी रानडे यांचे नाव तिच्या शास्त्रीय नावात आहे. मात्र एखादा वणवा वा रस्त्याच्या रुंदीकरणासाठी तोडलेली एक दरड तिचा अख्खा ताटवा नाहीसा करू शकते. कायद्याचे संरक्षणही तिच्या वाट्यास उशिरापर्यंत आले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले; वनस्पतींचे प्रकरण १९९१ मध्ये जोडले गेले, पण त्या वेळच्या सहा नोंदींत सोनघंटा नव्हती.

झुडपाची रोपे बियांपासून वाफ्यात करता येतात. माळढोकासाठी मात्र २०१९ पासून जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात माळावरून अंडी आणून, ती यंत्रात उबवून पिले वाढविली जात आहेत. मोठी झाल्यावर ती सोडावयास माळ लागणारच आहे.